गुनसूत्र

"पुन्हा म्हण."

शास्त्राच्या बाई खुर्चीत बसलेल्या. मी फळ्यापाशी उभी. हातात डीएनएची शिडी, मी स्वतः केलेली. दोन्ही कडांना हिरवी प्लॅस्टिकची नळी, मध्ये कोल्ड्रिंकच्या दुकानातून मागून आणलेल्या स्ट्रॉचे तुकडे, चार रंगांचे. लालसमोर नेहमी पांढरा. पिवळ्यासमोर नेहमी निळा. मग सगळ्या शिडीला पीळ, पुस्तकातल्या चित्रात होता तसाच.

कोथरूडची शाळा, आठवीचा वर्ग. विज्ञान प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि त्याची तालीम चालली होती. प्रतिकृती माझी, म्हणून माहितीही मीच सांगायची असं ठरलं होतं. मी तयारी करून आले होते. घोकून नाही, कळून. पेशी म्हणजे काय ते सांगितलं. पेशीच्या आत केंद्रक असतं ते सांगितलं. केंद्रकात काय असतं, तिथे आले आणि तो शब्द आला.

मी म्हणाले, "गुनसूत्र."

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी मान वर केली.

"काय म्हणालीस?"

"गुनसूत्र, बाई."

"पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हणाले. माझं काय चुकतंय तेच मला कळत नव्हतं. माझ्या कानाला शब्द बरोबर ऐकू येत होता. घरी, वस्तीत, सगळीकडे मी हेच अक्षर असंच ऐकत आले होते. मला वाटलं, सूत्र नीट येत नाहीये. म्हणून मी 'त्र'वर जोर दिला. सूत्र्र. वर्ग आणखी हसला.

"सूत्र झकास म्हणतेस," बाई म्हणाल्या. "जरा गुणांकडे बघ. पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हणाले. पुन्हा म्हणाले. प्रत्येक वेळी सूत्र सुधारत गेले. शिडी धरलेला हात घामाने ओला झाला आणि एक निळा तुकडा निसटून खाली पडला. तो उचलायचा की शब्द म्हणायचा, हेही सुचेना. बाई कधी ओरडायच्या नाहीत. छडी त्यांनी कधी हातात घेतली नाही. त्या नुसत्या बोलायच्या, ऐकणाऱ्याला हसू फुटेल असं बोलायच्या, आणि पालकांना त्या फार आवडायच्या. शेवटी त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि शांतपणे म्हणाल्या,

"असू दे. जिभेचा तरी काय दोष? तुमच्यात गुणसूत्रातच नाही, तर गुण येणार कुठून?"

तुमच्यात.

या शब्दाचा अर्थ वर्गात कोणालाही विचारावा लागला नाही. हजेरीत आडनाव असतं. पुण्यात आडनाव पुरतं. माझ्या आजोबांच्या पिढीत आम्ही बौद्ध झालो, बार्शीकडचं गाव सोडून माझे वडील इकडे आले, टेम्पो चालवू लागले, टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीत आम्ही घर केलं. एवढं सगळं त्या एका शब्दाने पुसून टाकलं आणि मला परत गावाच्या वेशीबाहेर नेऊन उभं केलं. मी तेरा वर्षांची होते. एवढं सगळं तेव्हा मला सांगता आलं नसतं. मी फक्त वाकून तो निळा तुकडा उचलला.

बोलायचं काम मृणालला मिळालं. मृणाल माझी मैत्रीण, माझ्याच बाकावर बसायची, स्वभावाने चांगली. पण माझ्या तोंडून तिचं नावसुद्धा मृनाल असंच यायचं, आणि तिने कधी ते मनावर घेतलं नव्हतं. त्या दिवसानंतर मी तिला हाक मारायचं सोडून दिलं. काही हवं असलं की तिच्या बाहीला हात लावायचे.

प्रदर्शनाच्या दिवशी मृणाल बोलली आणि मी शिडी फिरवली. तिने सांगायचं, "ही दुहेरी वळणाची रचना," की मी हळूहळू पीळ दाखवायचा. तिने सांगायचं, "अॅडेनिनसमोर थायमिन, ग्वानिनसमोर सायटोसिन," की मी लाल, पांढऱ्या, पिवळ्या, निळ्या तुकड्यांवर बोट ठेवायचं. लोक येत होते, मृणालचं कौतुक करत होते, पुढच्या टेबलाकडे जात होते. माझ्याकडे बघायचं त्यांना काही कारण नव्हतं. टेबलाच्या पायाकडे कोण बघतं?

आई आली होती. ती पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायची. मधल्या वेळेत तासभर सुट्टी मागून आली होती, कोपरापर्यंत पिठाचे पांढरे डाग तसेच. ती गर्दीच्या मागे उभी राहिली आणि शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी तोंड उघडायची वाट बघत होती. मी उघडलं नाही.

घरी आल्यावर तिने विचारलं, "तू का न्हाई बोललीस?"

मी म्हणाले, घसा बसलाय.

तिने स्टोव्हवर पातेलं ठेवलं, मीठ आणि हळद टाकली आणि पेला माझ्या हातात दिला. "कोमट पानी हाय. गुळन्या कर." मी मोरीत उभी राहून गुळण्या केल्या. दुखत नसलेल्या घशाला मीठ लावत राहिले. आईच्या त्या वाक्यात ते अक्षर दोनदा आलं होतं आणि दोन्ही वेळा मला ऐकू गेलं. पहिल्यांदाच. आधी ते नुसतं आईचं बोलणं होतं.

मग मी ते अक्षर टाळायला लागले.

सोपं वाटतं. करून बघा. पाणी म्हणता येत नाही. कोण, आपण, म्हणून, कारण, काहीच नाही. 'आणि' म्हणता येत नाही, म्हणजे दोन गोष्टी जोडताच येत नाहीत. मी तुटक बोलायला लागले. लोक म्हणाले, पोरगी अबोल आहे. मी अबोल नव्हते. माझ्या तोंडात शब्द येत होता, त्यात ते अक्षर दिसलं की मी त्याला आतच वळवत होते, दुसरा शब्द शोधत होते. तोवर बोलायची वेळ निघून जायची. दुकानदाराने विचारलं, काय पाहिजे, की मी बोट दाखवायचे. ज्या शहरात राहत होते त्याचं नावसुद्धा घेता येत नव्हतं. 'इथे' म्हणायचे.

लिहिताना कधी चुकत नव्हतं, हे मुद्दाम सांगते. वहीत मी गुणसूत्र गुणसूत्रच लिहायचे. पेपरात पैकीच्या पैकी मिळायचे. पण तो शब्द कागदावर होता तोवर माझा होता. जिभेवर आला की बाईंचा.

रविवारी वस्तीतल्या विहारात वंदना व्हायची. त्यात 'सरणं' हा शब्द येतो, आणि तो सगळी वस्ती 'सरनं' असा म्हणायची. म्हाताऱ्या बायका तर डोळे मिटून, खड्या आवाजात. मीही लहानपणापासून तशीच म्हणत आले होते. आता तो शब्द जवळ यायला लागला की मी आवाज बंद करायचे. सगळे म्हणायचे आणि मी ओठ हलवायचे. मला माझ्याच माणसांच्या तोंडून बाईंचा आवाज ऐकू यायचा. पुन्हा म्हण. ज्या जागी मला कोणी हसलं नसतं तिथेही बाई येऊन बसल्या होत्या. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. शाळेतलं हसणं शाळेत ठेवता आलं असतं. विहार त्यांनी घ्यायला नको होता.

अकरावीला विज्ञान घेतलं. वडील म्हणाले, घे, पुढचं बघू. त्या वर्षी प्रयोगशाळेत आम्ही कांद्याची मुळं तपासली. पाण्यावर ठेवलेल्या कांद्याला बारीक पांढरी मुळं फुटतात. त्यांची टोकं कापायची, कारण पेशी भराभर विभागत असतात त्या टोकाला. काचपट्टीवर ठेवून वर लाल रंगाचा थेंब, जरा आच द्यायची, वरून काच ठेवून अंगठ्याने दाबायचं. मग सूक्ष्मदर्शक.

मी डोळा लावला आणि तिथे होतं ते सगळं. जे मी न बोलता फिरवून दाखवलं होतं, ते खरोखर चाललेलं. एका पेशीत गडद धागे नुकते जाड व्हायला लागलेले. दुसरीत ते मधोमध ओळीने उभे, प्रत्येकाची जुळी नक्कल त्याला चिकटलेली. तिसरीत त्या जुळ्यांची ताटातूट झालेली, एक या टोकाकडे ओढला जातोय, एक त्या. चौथीत मध्ये भिंत पडलेली. एकीच्या दोन. दोघींना सारखंच मिळालेलं, जे आईपेशीकडे होतं ते सगळं.

सरांनी सहज सांगितलं की हे धागे दिसतात ते रंग घेतात म्हणून, आणि मूळ परदेशी शब्दाचा अर्थच मुळी रंग घेणारी वस्तू असा आहे. काही मराठी पुस्तकांत रंगसूत्र असाही शब्द आहे.

मी डोळा काढला नाही. रंगसूत्र. त्यात ते अक्षर नाही. त्यात गुणही नाहीत. गुण कोणीतरी मराठीत आणताना घातले होते, चांगल्या हेतूनेच घातले असतील. पण वस्तूत ते नव्हते. मी नळीखाली एकेक पेशी सरकवत गेले. कांद्याच्या त्या धाग्यांमध्ये चांगला वाईट, वरचा खालचा, शुद्ध अशुद्ध असं काही नव्हतं. लाल रंग होता, आणि तोही आम्हीच घातलेला. मला मोठ्याने हसावंसं वाटलं आणि रडू आलं. सरांना वाटलं, रंगाची वाफ डोळ्यात गेली.

तुम्हाला वाटेल की तिथे मी सुटले. नाही सुटले. कळणं वेगळं आणि सुटणं वेगळं. उलट त्याच पुस्तकात पुढे एक गोष्ट वाचली आणि ती जास्त मागे लागली. कातडीच्या पेशी झडतात, नव्या येतात. रक्ताच्या बदलतात. पण मेंदूतल्या बहुतेक पेशी एकदा तयार झाल्या की विभागत नाहीत. म्हणजे ज्या पेशींनी ते वाक्य ऐकलं, त्याच पेशी घेऊन मी जगते आहे. त्या दिवशीची कातडी गेली. घामेजलेला तळहात गेला. वाक्य ऐकलेलं डोकं तेच राहिलं.

त्या वर्षांत मी ण शिकले. कोणी शिकवला नाही. रेडिओवरच्या बातम्या ऐकायच्या आणि कोणी नसताना म्हणायचं. जीभ वळवून टाळूला लावायची. एक दिवस पोळी म्हणताना लक्षात आलं की जीभ तर तिथेच जाते. माझी आई ळ खणखणीत म्हणते. पोळी, नळ, फळ, बाभूळ. जन्मभर म्हणत आली. मग जिभेत काय कमी होतं? काहीच नाही. कानावर जे पडलं नाही ते जिभेवर आलं नाही, एवढाच मामला. सदाशिव पेठेतलं पोर उचलून बार्शीत वाढवलं तर तेही पानीच म्हणेल.

मग कंपन्या आल्या. पुण्याच्या कडेला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांना आमच्यासारखी खूप पोरं लागली. कोणाचा बाप टेम्पो चालवतो, हे मुलाखतीत विचारत नव्हते. मी जीवशास्त्र आणि संगणक दोन्ही शिकले होते. हिंजवडीला मला काम मिळालं ते परदेशातल्या प्रयोगशाळांसाठी सॉफ्टवेअर तपासायचं. पडद्यावर डीएनएची अक्षरं सरकत जायची. ए, टी, जी, सी. ओळीच्या ओळी, पानंच्या पानं. माणूस म्हणजे ही चारच अक्षरं, उलटसुलट क्रमाने. सुरुवातीला मी वेड्यासारखी त्यात काहीतरी शोधत बसायचे. त्यात ण नव्हता. न पण नव्हता.

ऑफिसात सगळं बोलणं इंग्रजीत. इंग्रजीत ण नाही. मला वाटलं होतं, आता बाई इथवर येणार नाहीत. पण मीटिंगमध्ये कोणी म्हणालं, माफ करा, परत सांगाल का, की मी अख्खं वाक्य बदलून दुसऱ्याच शब्दांत सांगायचे. त्या बिचाऱ्याला फक्त फोन नीट ऐकू आलेला नसायचा.

आमच्या कंपनीची एक योजना होती. शनिवारी शाळांमध्ये जाऊन एखादा तास घ्यायचा, वर्षाच्या अहवालात फोटो छापायचे. मला विषय दिला डीएनए आणि पेशीविभाजन, इयत्ता आठवी. शाळेचं नाव वाचलं तर ती कोथरूडची माझीच शाळा. नाही म्हणता आलं असतं. मी हो म्हणाले. का, ते मला तेव्हाही कळलं नाही. कदाचित मला बघायचं होतं की खोली आहे तेवढीच आहे की लहान झाली आहे.

बाई आता मुख्याध्यापिका होत्या. केस पांढरे, चष्मा तोच असावा असा. त्यांनी मला ओळखलं आणि खूप आनंदल्या. खोटं नाही, खरोखर आनंदल्या. चहा मागवला. समोर बसलेल्या दुसऱ्या शिक्षिकेला माझी ओळख करून दिली.

"ही आमचीच विद्यार्थिनी. टेकडीखालच्या वस्तीतली. कोणी म्हणेल का? उच्चार ऐका हिचे. आठवीत नुसतं गुन गुन करायची. घासून घेतलंय मी हिला."

ती शिक्षिका कौतुकाने माझ्याकडे बघत म्हणाली, अजिबात वाटत नाही हो.

मी चहा प्यायले. हे सांगायला मला लाज वाटते, पण मी हसलेसुद्धा. पहिला अपमान कळायला मला वेळ लागला नव्हता. हा दुसरा तर कपबशीतून आला, वर बिस्किट ठेवून. मी एकटीने, कोणी नसताना, जीभ वळवून वळवून जे मिळवलं होतं तेही आता बाईंचं झालं होतं. हसल्या त्या, शिकले मी, आणि श्रेय पुन्हा त्यांचं. आणि 'वाटत नाही' म्हणजे काय? वाटले असते तर चहा मिळाला नसता का?

वर्गात गेलो. तोच वर्ग. बाक बदलले होते, फळा पांढरा झाला होता, बाकी खिडक्या त्याच. बाई मागच्या बाकावर बसल्या, तास बघायला.

मी मुलांना उभं केलं. अर्ध्या मुलांना सांगितलं, तुम्ही गुणसूत्रं. प्रत्येकाने आपली नक्कल म्हणून एक जोडीदार घ्यायचा, हात धरायचा, वर्गाच्या मधोमध ओळ करायची. दोन्ही भिंतींकडे दोन मुली दोऱ्या घेऊन उभ्या केल्या. मी टाळी वाजवली की हात सुटायचे आणि एकेकाने एकेका भिंतीकडे जायचं. मुलांनी धमाल केली. एक जोडी हात सोडायलाच तयार नव्हती, तर मी सांगितलं, असंही होतं कधी कधी, आणि मग एका पेशीकडे एक जास्त जातं, दुसरीकडे कमी. बऱ्याच दिवसांनी मला बोलताना बरं वाटत होतं.

मग सगळ्यांना बसवून विचारलं, हात धरायच्या आधी, अगदी पहिल्यांदा काय व्हायला लागतं?

खिडकीजवळची एक मुलगी उठली. केसांना चप्प तेल, दोन वेण्या. नाव विचारलं तर पूजा म्हणाली.

"आधी गुनसूत्राची नक्कल व्हाया लागते. न्हाईतर एका पेशीला सगळं मिळंल आनि दुसरीला काहीच न्हाई."

नुसतं बरोबर उत्तर नव्हतं. का, तेही तिने सांगितलं होतं. पुस्तकात इतकं सोपं करून दिलेलं नाही.

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

आणि त्याच्याही मागून आवाज आला. इतकी वर्षं माझ्या डोक्यात होता तो, आता बाहेरून आला.

"पूजा, काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

पूजा गोंधळली. तिने माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. तिला कळेना काय चुकलं. जरा विचार करून तिने 'क्क'वर जोर दिला आणि म्हणाली, "नक्क्कल, बाई."

वर्ग हसला.

मी आजवर पुष्कळ वेळा मनात त्या वर्गात परत गेले होते आणि बाईंना सडेतोड उत्तरं दिली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. मला फक्त त्या मुलीचा चेहरा दिसत होता. ती पुढचा शब्द निवडत होती. कुठला शब्द बोलला तर हसणार नाहीत, ते शोधत होती. मला तिच्यात उद्याची पूजा दिसली. पाणी न म्हणता पाणी मागणारी, मैत्रिणीची बाही ओढणारी, विहारात ओठ हलवणारी. माझ्या डोळ्यांसमोर त्या वाक्याची नक्कल होत होती. अजून थोडा वेळ गेला असता तर हात सुटले असते आणि एक तिच्याकडे गेली असती.

"थांबा, बाई," मी म्हणाले. "पूजा, तुझं उत्तर बरोबर आहे. आधी गुनसूत्राची नक्कल होते."

मी न म्हणाले. मुद्दाम. मला रंगसूत्र म्हणून सुटता आलं असतं. सुटायचं नव्हतं.

मुलांना समजेना हसायचं की नाही. पाहुण्या मॅडमना कसं हसणार? बाई म्हणाल्या, "मॅडम, निदान मुलांसमोर तरी शुद्ध बोलावं."

"मी बरोबर बोलते आहे, बाई. याच फळ्यापाशी तुम्ही मला सांगितलं होतं की आमच्या गुनसूत्रातच गुण नाहीत. ते शास्त्र चूक होतं. इतकी वर्षं कोणी दुरुस्त केलं नाही. आज मी करते."

माझा आवाज फाटला होता. मी थांबले नाही. मुलांना म्हणाले, सगळ्यांनी पोळी म्हणा. सगळे म्हणाले, पूजाही म्हणाली. मी विचारलं, जीभ कुठे गेली? वर, मागे वळून, सगळ्यांची. मग सांगितलं की डीएनएच्या शिडीत डोळ्यांचा रंग ठरतो, कानाची पाळी चिकटलेली की सुटी याचा काही भाग ठरतो. कुठलं अक्षर कसं म्हणायचं ते तिथे लिहिलेलं नसतं. ते घरातून येतं, शेजारून येतं. घरात जे ऐकतो ते बोलतो. कोणाच्या रक्तात भाषा नसते, शुद्धही नसते आणि अशुद्धही नसते. आणि कोणी तुम्हाला सांगितलं की तुमच्या रक्तातच काही कमी आहे, तर तो माणूस शास्त्र शिकवत नाहीये. मग तो खुर्चीत बसलेला असला तरी.

बाई उठल्या. त्यांचा चेहरा रागाने नाही, दुखावल्यासारखा झाला होता. दारात थांबून त्या म्हणाल्या, "अगं, विनोद केला होता मी. इतकी वर्षं मनात ठेवलंस होय?"

"वर्ग हसला होता, बाई. मी नव्हते हसले."

त्या गेल्या. मी तास पूर्ण केला.

फाटकापाशी पूजा माझी वाट बघत उभी होती. मला वाटलं, आभार मानेल. ती आजूबाजूला बघून हळूच म्हणाली, "मॅडम, तुमी तो कसा शिकलासा? मला बी शिकवा की."

सगळं ऐकूनसुद्धा तिला तो ण हवाच होता. का नसावा? तिला उद्या त्याच वर्गात जायचं होतं. मी तिला सांगितलं, पोळीच्या जागी जीभ ने आणि नाकातून आवाज काढ, एवढंच आहे. तो तुझ्याकडे असू दे. पण उत्तर येत असेल तर त्याच्यासाठी थांबू नकोस. तिने मान हलवली. तिला पटलं की नाही, मला माहीत नाही.

शाळेने कंपनीला कळवलं की पाहुण्या वक्त्या विषय सोडून बोलल्या आणि मुलांना अशुद्ध बोलायला उत्तेजन दिलं. ती योजना बघणाऱ्या ऑफिसातल्या मुलीने मला गोड शब्दांत सांगितलं की पुढच्या वर्षी तुम्ही विश्रांती घ्या. अहवालात माझा फोटो नाही.

त्या शनिवारी घरी आले तेव्हा माझा घसा खरोखर बसला होता. आईला सगळं सांगितलं, आठवीपासूनचं सगळं, पहिल्यांदा. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तवा घसा न्हवता बसला तुझा. ठावं हुतं मला."

मी विचारलं, मग गुळण्या का करायला लावल्यास?

"मग काय करनार हुते मी? माझ्याकडं तेवढंच हुतं. पानी."

ती उठली आणि गॅसवर पातेलं ठेवलं.

आता मी रविवारी विहारात वर्ग घेते, वस्तीतल्या मुलांचा. कांद्याची मुळं, काचपट्टी, लाल रंग, सगळं. एक जुना सूक्ष्मदर्शक मिळवला आहे. तिथे चुकलेलं उत्तर दुरुस्त होतं, कोणाचं बोलणं दुरुस्त होत नाही. वंदनेला मी 'सरनं' म्हणते, खड्या आवाजात, म्हाताऱ्यांच्या शेजारी उभी राहून. बाई अजून येतात. मधूनच, नळाखाली भांडं धरलं असताना, कोणाला पत्ता सांगताना, त्या आत कुठेतरी खुर्ची ओढून बसतात. त्या जातील असं आता मला वाटत नाही.

मेंदूच्या पेशी विभागत नाहीत, या वाक्याची मला एके काळी भीती वाटायची. आता मी तेच धरून ठेवलं आहे. ज्या पेशींत ते वाक्य आहे त्यांची नक्कल होणार नाही. त्या माझ्याबरोबर जळतील. पूजाला, तिच्या मागच्या बाकाला, कोणाला माझ्याकडून ते मिळणार नाही, आणि माझ्यासमोर दुसऱ्या कोणाकडून मिळू देणार नाही. ते माझ्यात आलं आहे, माझ्यातच संपवीन.

बाई म्हणतात, पुन्हा म्हण.

मी म्हणते, गुनसूत्र.